सिस्टरांचा कापलेला बूट

सिस्टर निवृत्त झाल्या तेव्हा हॉस्पिटलने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि नोकरीने दिलं उजव्या पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी वाढलेलं एक हाड. घड्याळ लवकरच बंद पडलं. हाड मात्र दिवसेंदिवस जोमात होतं. कुठलाही बूट घातला की ते आतून धडका द्यायचं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू. सिस्टरांनी इतकी ऑपरेशनं जवळून पाहिली होती की त्या म्हणाल्या, "माझं नको, बुटाचंच करते."

आणि खरंच केलं. आपले पांढरे कॅनव्हासचे बूट त्यांनी जेवणाच्या टेबलावर घेतले, उजव्या बुटावर हाड येतं तिथे पेन्सिलीने खूण केली आणि कात्रीने बोटभर चीर दिली. कापड उसवू नये म्हणून चिरेच्या कडेने काजाला घालतात तसे टाके घातले. पांढरा दोरा संपला होता, म्हणून निळा घेतला. मग बूट चढवला. हाडाने चिरेतून डोकं बाहेर काढलं, आणि सिस्टर कित्येक वर्षांनी देवाधर्माला काहीही वाईटसाईट न बोलता जिना उतरल्या.

घरात त्या आणि त्यांचा भाचा, दोघंच. भाच्याला या शहरात बँकेत नोकरी लागली तेव्हा भाऊ म्हणाला, "तुझ्याकडेच राहू दे त्याला, तुलाही सोबत." सोबत आली, पण एकटी आली नाही. मागोमाग बुटांची खोकी आली. आधी कपाट भरलं, मग पलंगाखालची जागा, मग बाल्कनीचं दार अर्धंच उघडायला लागलं. एवढ्या बुटांतला एकही कधी जमिनीला लागला नव्हता. सुट्टीच्या दिवशी भाचा एकेक खोकं उघडायचा, बूट दोन्ही हातांत तान्ह्या पोरासारखा घ्यायचा, मऊ ब्रशने त्यावर नसलेली धूळ झाडायचा आणि पुन्हा कागदात गुंडाळून ठेवायचा. बँकेत जाताना मात्र टाचा झिजलेला तोच तो काळा जोड.

"अरे सोन्या, घाल की त्यातला एखादा."

"घातला की संपला ना, आत्या."

"काय संपलं?"

"सगळंच," भाचा म्हणायचा, आणि त्याचा चेहरा असा व्हायचा की सिस्टर पुढे विचारायच्या नाहीत.

एक दिवस तो सकाळीच त्यांच्या हातापाया पडायला लागला. बुटांच्या एका नामांकित कंपनीच्या शहरातल्या मोठ्या दुकानात नवा बूट येणार होता. नाव 'धूळ'. नवाकोरा बूट, पण रंग असा की वर्षभर मातीत वापरल्यासारखा दिसावा. जगात मोजकेच जोड, माणशी एक, आणि जो रांगेत उभा राहील त्यालाच. भाच्याला बँकेने रजा नाकारली होती.

"म्हणजे मी रांगेत उभी राहू? मळका बूट आणायला?"

"मळका नाही गं! मळक्या रंगाचा."

"आणि तू तो मळू नये म्हणून खोक्यात ठेवणार."

"हो," भाचा म्हणाला. त्याला यात विनोद दिसला नाही.

सिस्टरांना त्याची दया आली. घडीची खुर्ची काखोटीला मारून, थर्मासमध्ये चहा भरून त्या निघाल्या. रांग दुकानाच्या काचेपासून कोपऱ्यापर्यंत आणि कोपऱ्यावरून वळून पुढे कुठेतरी गेली होती. सगळी पोरं विशीपंचविशीची, झोप न झाल्यामुळे डोळे लाल, पोटात काही नाही. सिस्टरांना आपल्या जुन्या वॉर्डात आल्यासारखं वाटलं. त्यांनी एकाला सावलीत बसवलं, दुसऱ्याला पाणी पाजलं. मधूनच घुसू पाहणाऱ्या तिसऱ्याकडे नुसतं बघितलं, तर तो स्वतःहून शेवटी जाऊन उभा राहिला. थोड्या वेळाने एक लांबलचक पोरगा उभ्याउभ्या घेरी येऊन पडला. सिस्टरांनी त्याचे पाय उचलून आपल्या खुर्चीवर ठेवले, बुटांच्या नाड्या सोडल्या आणि त्याने डोळे उघडताच त्याच्या तोंडात बिस्कीट कोंबलं.

"मावशी, माझा नंबर?" बिस्कीट तोंडात तसंच धरून त्याने विचारलं.

"कुठे पळून जात नाही तुझा नंबर. चाव ते."

हा गोंधळ बघायला दुकानातून एक इसम बाहेर आला. चाळिशीचा, काळा सदरा, आणि पँट घोट्याच्या इतकी वर की सिस्टरांना वाटलं, बिचाऱ्याची धुण्यात आटली असावी. मनातल्या मनात त्यांनी त्याचं नाव ठेवलं घोटेवाला. तो कंपनीचा कसलासा प्रमुख होता. आडव्या पोराकडे त्याचं लक्षही गेलं नाही. तो सिस्टरांच्या उजव्या बुटाकडे बघत होता, आणि बघता बघता फुटपाथवर गुडघे टेकून बसला.

"हे कोणाचं आहे?"

"माझंच. पायात घातलंय ना."

"तसं नाही. कोणी केलं?"

"मीच."

"असे किती केलेत?"

"हाड एकाच पायाला आहे. एकच केलाय."

"एकच," घोटेवाला पुटपुटला. त्याच्या डोळ्यांत पाणी तरळलं. "जगात एकच!" मग त्याने फोन काढला, स्वतःचा गाल सिस्टरांच्या बुटाजवळ नेला, फोटो घेतला आणि आभारही न मानता आत पळाला.

सिस्टरांनी भाच्याला त्याचा 'धूळ' आणून दिला आणि ही भेट विसरून गेल्या.

काही महिने गेले. एके दिवशी भाचा बँकेतून आला तो जेवेचना. ताटावर बसल्या बसल्या फोन चाळत होता. "आत्या, नवीन ड्रॉप जाहीर झालाय," तो म्हणाला. ड्रॉप म्हणजे कंपनी एकदाच माल सोडते आणि हात झटकते, एवढं सिस्टरांना आता कळत होतं. "बघ, काय डोकं आहे यांचं! असलं कोणाला सुचणारच नाही."

सिस्टरांनी चष्मा लावला. फोनवर पांढरा कॅनव्हासचा बूट. अंगठ्याच्या बाजूला चीर. चिरेभोवती निळे टाके. खाली लिहिलं होतं: 'छेद. वेदनेला दिलेलं दार.'

"अरे, हा तर माझा बूट आहे."

"आत्या, चांगलं डिझाइन बघितलं की असंच वाटतं. आपलंच आहे असं."

सिस्टर उठल्या, दाराशी काढून ठेवलेला उजवा बूट घेऊन आल्या आणि ताटाशेजारी ठेवला. भाच्याने बुटाकडे बघितलं, फोनकडे बघितलं. हा बूट तो रोज ओलांडून कामाला जात होता. त्याचा घास हातातच राहिला.

"चोर! आत्या, हे चोर आहेत! मी आत्ताच्या आत्ता सगळीकडे टाकतो. जगाला कळू दे!"

"ओरडू नकोस. जेव." सिस्टर फोन निरखत होत्या. त्यांना राग आला नव्हता. उलट बरंच वाटलं होतं. त्यांच्या बुटाचा तळ आता कागदासारखा झाला होता, खडा लागला की मेंदूपर्यंत कळायचं. "तळ जाड दिसतोय रे यांचा. चांगला आहे. मला घेऊन दे एक."

भाचा खिन्न हसला. तसं घेता येत नाही, त्याने समजावलं. आधी नाव नोंदवायचं, मग सोडत निघते. सिस्टरांनी नाव नोंदवलं. भाच्यानेही नोंदवलं. त्याने आईचं, बापाचं, बँकेतल्या शिपायाचं आणि शेजारच्या काकूंचंही नोंदवलं. सोडत निघाली. सगळ्यांना एकच निरोप आला: 'या वेळी तुम्ही नाही. पण तुमची ओढ आमच्यापर्यंत पोचली.'

"ओढ पोचली म्हणे," सिस्टर म्हणाल्या. "बूट पोचव म्हणावं."

दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच दुकानात गेल्या. बाहेर सोडतीत नंबर लागलेल्यांची रांग होती. सिस्टर शेवटी उभ्या राहिल्या. पुढच्या पोरीने सहज खाली बघितलं आणि तिचे डोळे विस्फारले. मग तिने नीट बघितलं आणि तिचा चेहरा पडला. तिने मैत्रिणीला कोपरखळी मारली. हळूहळू सगळी रांग सिस्टरांच्या पायांकडे वळून बघायला लागली.

"आजी, वाईट नका वाटून घेऊ," ती पोरगी शेवटी म्हणाली, "पण तुम्हाला कोणीतरी फसवलंय. हा डुप्लिकेट आहे."

"हा?"

"छेद डाव्या पायाला असतो. तुमचा उजव्याला आहे. डुप्लिकेट करणाऱ्यांना एवढंही कळत नाही."

"आणि टाके बघ ना," मैत्रीण म्हणाली. "किती सरळ आहेत! ओरिजिनलचे वाकडेतिकडे असतात. हाताने केल्यासारखे."

सिस्टरांनी आयुष्यात पुष्कळ आरोप ऐकले होते. पण आपल्याच पायातला, आपल्याच हाताने शिवलेला, आपल्याच हाडासाठी कापलेला बूट नकली आहे, हे त्यांना नवं होतं. तेवढ्यात डुप्लिकेट बूट घालून कोणी आलंय ही खबर आत पोचली आणि काचेचं दार ढकलून घोटेवाला तणतणत बाहेर आला. त्याने बूट बघितला, मग मान वर करून सिस्टरांचं तोंड बघितलं आणि त्याचं तणतणणं जागच्या जागी विरलं.

"आत या ना," तो हळूच म्हणाला. "प्लीज."

वरच्या मजल्यावरच्या खोलीत त्याने माणसं गोळा केली. खुर्च्या नव्हत्याच. सगळीकडे दाण्यांनी भरलेल्या पिशव्या पसरल्या होत्या आणि त्यांतच बसायचं होतं. सिस्टरांनी एका पिशवीला हात लावून बघितला, यातून आपण उठणार कशा याचा विचार केला आणि त्या उभ्याच राहिल्या. त्यामुळे झालं असं की कंपनीचे सगळे प्रमुख जमिनीलगत रुतलेले आणि सिस्टर राउंडला आल्यासारख्या त्यांच्यामध्ये.

घोटेवाल्याने ओळख करून दिली. "या आमच्या बुटांमागच्या कथा बघतात. आणि हा टंचाई बघतो."

"टंचाई होऊ देत नाही का तू?" सिस्टरांनी कौतुकाने विचारलं.

"नाही, नाही," तो तरुण लाजत म्हणाला. "टंचाई करतो."

आपण हॉस्पिटलात सिस्टर होतो एवढं सांगून सिस्टरांनी सरळ मुद्द्याला हात घातला. "माझं भांडण नाही. पण चीर चुकीच्या पायाला आहे. मला उजव्या पायाची हवी."

खोलीत चुळबुळ झाली. कथावाल्या बाईंनी तो पहिला फोटो शोधून काढला. फोटो सेल्फी होता. सेल्फीत उजव्याचं डावं झालं होतं आणि तसंच कारखान्यात गेलं होतं.

"कारखान्यात कोणी विचारलं नाही, चीर कशासाठी म्हणून?"

"विचारलं होतं," घोटेवाला म्हणाला. "आम्ही सांगितलं, ज्याला कळायचं त्याला कळेल."

मग सगळे एकदम बोलायला लागले. ही तर संधी आहे! 'छेद'चा दुसरा भाग, उजवा पाय, खुद्द सिस्टरांच्या नावाने! त्यांचा हॉस्पिटलच्या कपड्यातला फोटो! फक्त जोड मात्र पहिल्यापेक्षाही कमी काढायचे. टंचाई बघणारा तरुण तर आनंदाने पिशवीतून उठायला गेला आणि परत आत पडला.

"कमी का?" सिस्टरांनी विचारलं. "जास्त काढा ना. डाव्याचे काढा, उजव्याचे काढा, दोन्हीचे काढा. माझ्याबरोबरच्या निम्म्या नर्सांना ही हाडं आहेत. दुकानात साधे शेल्फवर ठेवा. ज्याला हवं तो येईल, घालून बघेल, घेऊन जाईल."

शेल्फवर हा शब्द ऐकून कथावाल्या बाईंनी डोळे मिटून घेतले.

"सिस्टर," घोटेवाला लहान मुलाला समजावतात तसा म्हणाला, "सगळ्यांना मिळाला तर तो हवा कोणाला असेल?"

"ज्यांचे पाय दुखतात त्यांना."

सगळ्यांनी एकदम सिस्टरांकडे बघितलं. सिस्टरांना वाटलं, पडला एकदाचा प्रकाश. पण कथावाल्या बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "ज्यांचे पाय दुखतात त्यांना... हीच आपली ओळ!" आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

सिस्टर आणखीही काही बोलणार होत्या. पण इथे जे बोलावं ते पोस्टरवर जातंय हे त्यांच्या ध्यानात आलं. "येते," एवढंच म्हणून त्या निघाल्या. खाली रस्त्यावर आल्या तेव्हा उजव्या बुटाचा तळ चवड्याखाली फाटला होता आणि बसथांब्यापर्यंत पोचताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. थोडं खड्यांमुळे, थोडं आणखी कशाने तरी.

घरी त्यांनी झाला प्रकार सांगितला. भाचा नेहमीप्रमाणे ओरडला नाही. त्यांचा फाटका बूट उचलून त्याने तळ बघितला. मग आपल्या खोलीत गेला. बराच वेळ खोकी सरकवल्याचे आवाज येत होते. शेवटी एक खोकं छातीशी धरून तो बाहेर पडला. ते कुठलं होतं हे सिस्टरांना माहीत होतं. सगळ्यात खालचं, ज्याला तो त्यांना हातसुद्धा लावू देत नसे. परतला तेव्हा छातीशी दुसरंच खोकं होतं.

"अदलाबदल केली," तो म्हणाला. "'छेद' आहे, तुझ्याच मापाचा मिळाला. चीर डाव्याच पायाला आहे, पण तळ जाड आहे."

"अरे, तुझा तो..."

"असू दे गं. खोक्यातच तर होता."

सिस्टरांनी त्याच्या केसांतून हात फिरवला. मग बूट काढून पायात घातला, उजवं हाड कुठे येतं ते चाचपलं आणि कात्री मागवली. भाच्याचा चेहरा पांढराफटक पडला. "कापणार? हा?"

"मग काय वास घेऊ?"

"थांब, मी धरतो," भाचा म्हणाला. त्याने बूट दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. कात्री कापडातून गेली तेव्हा त्याच्या घशातून असा आवाज निघाला की सिस्टरांना प्रसूतीच्या खोलीबाहेर येरझाऱ्या घालणारे बाप आठवले. त्यांनी उजवी चीर शिवली आणि डाव्या चिरेवर आतून ठिगळ लावून ती बंद केली. बूट घालून त्या खोलीभर फिरल्या, मग बाहेरच्या जिन्यावरून खाली-वर करून आल्या.

"कसा आहे?" भाच्याने भीतभीत विचारलं.

"दुखत नाही रे," सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज जरा ओला झाला. "कुठेच दुखत नाही."

पुढचं सगळं भाच्यामुळे झालं, पण त्याने मुद्दाम केलं नाही. त्याने फक्त आपल्या मित्रांना सांगितलं की खरा 'छेद' आपल्या आत्याचा आहे. त्याच सुमाराला सिस्टरांच्या जुन्या मैत्रिणी, सगळ्या निवृत्त नर्सा, आपापले बूट घेऊन त्यांच्याकडे यायला लागल्या होत्या. सिस्टर पाय तपासायच्या, खूण करायच्या, चीर द्यायच्या. गप्पाही व्हायच्या आणि कामही. एका दुपारी दार वाजलं म्हणून उघडलं, तर जिन्यात खालपर्यंत पोरं उभी. प्रत्येकाच्या हातात खोकं.

"आजी, आमच्यावरही करा ना. ओरिजिनल."

सिस्टरांनी पहिल्याला आत घेतलं, खुर्चीवर बसवलं, मोजा काढायला लावला आणि अंगठ्याच्या बुडाशी दाबलं. "इथे दुखतं?"

"नाही."

"इथे?"

"नाही."

"मग जा घरी. पुढचा."

पोरं हिरमुसून गेली. सिस्टरांना वाटलं, ब्याद टळली. पण त्यांना काय ठाऊक, असा नकार आजवर कुठल्या कंपनीने दिला नव्हता! सोडत नाही, पैसे चालत नाहीत, ओळख चालत नाही. पायाला खरंच काही झालेलं असेल तरच मिळतो! ही बातमी शहरभर झाली. दुसऱ्या दिवशी जिन्यात दुप्पट पोरं आली, आणि सगळी लंगडत. कोणी भिंत धरून, कोणी मित्राच्या खांद्यावर रेलून. एकाने तर अंगठ्यापाशी कणकेचा गोळा चिकटवून वर मोजा चढवला होता. सिस्टरांनी तो काढून त्याच्याच हातात ठेवला. रांगेत घेरी आलेला तो लांबलचक पोरगाही त्यात होता. त्याचा पाय मात्र खरोखर सोलवटलेला निघाला. सोडतीत त्याला एक नंबर लहान बूट लागला होता आणि त्याने तो तसाच रेटला होता. सिस्टरांनी त्याला औषध लावलं, मलमपट्टी केली आणि दम भरला, "आपल्या मापाचा घे. कुठलाही घे, पण मापाचा." तो रडवेला झाला. मापाचा घे, असं त्याला आजवर कोणीच सांगितलं नव्हतं.

कंपनीला वास लागायला वेळ लागला नाही. पुढच्या पोस्टरवर एक देखणा, तगडा जवान एक पाय ओढत चालला होता आणि खाली लिहिलं होतं: 'ज्यांचे पाय दुखतात त्यांना.' मग काय, रस्त्यांवर, कॉलेजांच्या फाटकांशी, सिनेमागृहांच्या पायऱ्यांवर धडधाकट पोरंपोरी लंगडायला लागली. घोटेवाला मुलाखतीत काठी टेकत आला. भाच्याच्या बँकेतही दोघे लंगडत कामाला यायला लागले. भाचा मात्र एके सकाळी 'धूळ' घालून घराबाहेर पडला, आणि आला तेव्हा बुटांवर खरा चिखल होता. तो त्याने पुसला नाही.

महिन्याभरात सिस्टरांनी दारावर पाटी लावली: 'फक्त दिवसभर उभे राहणारे: नर्सा आणि बसवाहक.' मग त्या दुपारच्या बाजारात जायला मोकळ्या झाल्या. आता त्या इतक्या झपझप चालायच्या की भाच्याला पिशव्या घेऊन मागे धावावं लागायचं. एकदा चौकात रस्ता ओलांडायला त्या थांबल्या, तर शेजारी एक पोरगा लंगडत येऊन उभा राहिला. चांगल्या घरचा, वळणाचा दिसत होता. त्याने अदबीने हात पुढे केला.

"आजी, पलीकडे सोडू का?"

"सोड की. पण तुलाच लागलेलं दिसतंय बाळा," सिस्टर म्हणाल्या. "कुठला पाय रे?"

पोराने खाली मान घालून आधी एका पायाकडे बघितलं, मग दुसऱ्याकडे. दिवा हिरवा झाला तरी त्याचं ठरेना. शेवटी सिस्टरांनीच त्याचा दंड धरला आणि त्याला रस्ता ओलांडून दिला.